हात मागे, वेदांग

दुबईत ऊद मेथा भागातल्या शाळेत कुंदा मॅडम इंग्रजी शिकवायच्या, आणि नियम म्हटला की बाई भलत्याच कडक. घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा चपला सरळ रेषेत काढायला लावतील. त्यामुळे आंतरशालेय स्पर्धेतल्या ‘ड्युओ’चं काम त्यांच्याच गळ्यात पडलं यात नवल नव्हतं. ड्युओ म्हणजे दोघांनी मिळून एक नाट्यप्रवेश करायचा, पण सगळाच उफराटा कारभार. वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही. दोघांनीही समोर प्रेक्षकांकडे बघत बोलायचं, एकमेकांकडे बघायचं नाही, आणि स्पर्श तर मुळीच नाही.

१९९८ साली अकरावीतली वेदांग आणि झुबेर ही जोडगोळी अंतिम फेरीत पोचली. झुबेर आजोबा, वेदांग परदेशी निघालेला नातू. शेवटी आजोबा इंग्रजीतून म्हणाले, "नीघ आता," आणि आमचा वेदांग वळला, वाकला आणि झुबेरच्या पायांना हात लावून मोकळा झाला. घरचं वळण, दुसरं काय. दर सुट्टीत सांगलीहून परतताना घरच्या मोठ्यांना करायचा तेच केलं. जोडी बाद. त्यानंतर झुबेर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलला नाही, आणि मॅडमना हरण्यापेक्षा त्याचंच जास्त लागलं.

बारावीत शेवटची संधी. झुबेर कसाबसा तयार झाला. "बट मॅम, ही विल डू इट अगेन," त्यानं बजावलं. प्रवेश मात्र दोघांनाही तोच हवा होता.

मग मॅडमनी वेदांगच्या दोन्ही हातांत पाण्याचे काठोकाठ भरलेले पेले दिले. झुबेरकडे वळलास की सांडलंच. वर्गाची फरशी रोज धुतली जाऊ लागली. "झुबेर शेजारी नाही, समोर आहे असं समज," मॅडम समजावत. पेले काढून घेतले तरी हात तिकडे जायचाच, आणि मग मॅडमचा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू यायचा, "हात मागे, वेदांग!"

स्पर्धेत तो क्षण आला. "नीघ आता," आजोबा म्हणाले. वेदांगचा हात हलला आणि मॅडमनी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा तो प्रेक्षकांसमोर सरळ वाकला होता, हात जमिनीच्या वीतभर वर थांबलेले. चार पावलांवर झुबेरनं समोर बघत हात खाली आणला आणि रिकाम्या हवेत अलगद ठेवला.

पहिला नंबर आला. ट्रॉफी घेऊन दोघं खाली उतरले आणि वेदांग मॅडमसमोर वाकला.

"हात मागे, वेदांग," सवयीनं मॅडमच्या तोंडून निघून गेलं. आजूबाजूचे सगळे खो-खो हसले.

वेदांग काही उठला नाही. "टाइम इज ओव्हर, मॅम. नाऊ इट्स अलाउड."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिथं झुबेरचा हात आधीच होता.