दारातली उत्तरं

कांताताई गेल्याचं मला भरदुपारी कळलं. फोन त्यांच्याच नंबरवरून आला होता. म्हणून मी नेहमीच्या आगाऊपणानं म्हणालो, "बोला ताई, आज माझी कोणती चूक सापडली?" पलीकडून त्यांच्या मुलीचा, शीतलचा आवाज आला. "दादा, आई गेली." अशा वेळी काय बोलावं हे न कळणारी माणसं असतात, पण मी त्यांच्याही पुढचा. मी विचारलं, "कुठं?"

नागपुरात जरीपटक्यातल्या त्यांच्या घरी गेलो तेव्हाही माझी तीच गत. लोकांना त्यांच्या दुखण्याबद्दल प्रश्न विचारणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. पण शेवटी ताईंना फार त्रास झाला का, एवढं मला शीतलला विचारता आलं नाही. आता पाच-सहा आठवडे झाले, म्हणून लिहायला बसलोय.

पंचवीसेक वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका छोट्या संस्थेत मी सुपरवायझर म्हणून लागलो. संख्याशास्त्राची ताजी पदवी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कांताताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आणि माझ्या हाताखाली, म्हणजे निदान कागदावर तरी. काम होतं पारशिवनीकडच्या गावांत. जवळ सरकारी दवाखाना असूनही बाया घरीच का बाळंत होतात, ते घरोघर जाऊन विचारायचं. पहिल्याच घरी मी एका म्हातारीला विचारलं, "आपण उपलब्ध आरोग्यसेवेबाबत कितपत समाधानी आहात?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "जेवला का गा तू?" मी 'अत्यंत समाधानी'वर खूण केली. बाहेर आल्यावर ताई हसून हसून विहिरीच्या काठावर बसल्या. "साहेब, थे बुढी तुमच्या तब्येतीचा सर्व्हे करून राहिली होती!"

ताईंची रीत निराळी. त्या जाऊन बसायच्या, समोरच्या सुपातल्या तुरीच्या शेंगा सोलायला घ्यायच्या. मग फॉर्मवरचे प्रश्न एकामागून एक. सासू शेजारी असायची, त्यामुळे सगळ्याची उत्तरं 'चांगलं हाय, बरं हाय.' फॉर्म संपला की त्या पेनाला टोपण लावत, कागद पिशवीत टाकत, उठत आणि दारात चपला घालताना उगाच रेंगाळत. मी जीपपाशी घड्याळ बघत चरफडायचो. एकदा तोंडावर म्हणालोसुद्धा, की तुम्हाला चप्पल घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी दोन फॉर्म भरतो. "भरता ना," त्या म्हणाल्या, "पण खरं दारातच येते गा. कागद आत गेला का बाई बाहेर येते."

आणि बाई खरंच बाहेर यायची. सुनेला ताईंना पोचवायला दारापर्यंत यावंच लागे, आणि सासू आत राही. अशाच एका दारात एक पोरसवदा सून ताईंना म्हणाली, "दवाखाना बेस हाय वं बाई. पण बाळंतपनाच्या खोलीची खिडकी पानठेल्याकडं उघडते. आत बाई वरडली का भाईर मानसं हासतेत." ताईंनी ते फॉर्मच्या पाठीमागे तिच्याच शब्दांत लिहिलं. पुढच्या दारात तीच खिडकी निघाली, त्याच्या पुढच्यातही. गावागणिक फॉर्मच्या पाठी भरत गेल्या. ताईंनी त्या बायांना शब्द दिला, "मी वर पोचवतो. पडदा लागन."

आता माझा पराक्रम ऐका. ते फॉर्म ऑफिसात आले तेव्हा त्यांवर हळदीची बोटं होती, चहाचे गोल डाग होते. मला नीटनेटकेपणाचा भारी सोस. दोन दिवस खपून मी सगळ्या खुणा कोऱ्या फॉर्मांवर उतरवल्या आणि जुने आवारात जाळून टाकले. पाठी उलटून पाहिल्याच नाहीत! आठवड्यानं ताईंनी विचारलं, "मागचं गेलं ना साहेब अहवालात?" तेव्हा मला पाठी आठवल्या. मी म्हणालो, "गेलं."

अहवाल निघाला की बाया समाधानी आहेत, फक्त जागृती कमी आहे. मग गावोगाव भिंतींवर घोषणा रंगल्या. खिडकी तशीच राहिली, नवी इमारत होईपर्यंत. त्या गावांकडचं काम निघालं की ताई म्हणायच्या, "मले कळमेश्वरकडं द्या." काहून, ते मी कधी विचारलं नाही. मला कारण माहीत होतं.

मागच्या हिवाळ्यात त्या आजारी असल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो. तासभर जुन्या गप्पा झाल्या. उठलो, दारात चपला घातल्या आणि माझ्याच्यानं पुढं पाऊल टाकवेना.

"ताई, ते मागचं लिहिलेलं... मी जाळलं होतं. न वाचता."

"माहीत हाय," त्या पलंगावरूनच म्हणाल्या. "पडदा नाई आला तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी दारात आलेच नाई ना कधी! रोज आपले खुर्चीवर बसून." मग थोडा दम खाऊन, "काढा चपला. बसा. लिहा."

शीतलनं ताईंच्या नातवाची अर्धी कोरी वही दिली. कोणत्या गावची, कोणत्या घरची, काय म्हणाली... ताई डोळे मिटून सांगत राहिल्या. त्या दिवशी अकरा बाया झाल्या. मी म्हणालो, आता त्या खिडकीचा काय उपयोग, ती इमारतच उरली नाही. त्या म्हणाल्या, "बाया उरल्या ना. त्यांचं त्यांच्या नावावर पायजे." पुढं आठवेल तसा त्यांचा फोन यायचा. "लिहा साहेब." मध्येच मी एखादा शब्द प्रमाण भाषेत सुधारला, तर पुन्हा वाचायला लावून पकडायच्या. "असं नाई म्हनली थे."

शेवटचा फोन त्या जाण्याच्या चार दिवस आधीचा. "गंगूबाई, पिंपळाजवळचं घर. थे काय म्हनली होती बाप्पा... थांबा. आठवलं का सांगतो."

वही माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर 'गंगूबाई, पिंपळाजवळचं घर' एवढंच आहे. बाकीच्या बायांचं इतकं वाचून झालंय, की ती काय म्हणाली असेल ते मी झोपेतही लिहू शकेन. हात तर फार शिवशिवतो.

लिहिलेलं नाही.