चौथं बसकर

मेलेल्या मुलीला पाढे शिकवणारे मास्तर साऱ्या मुलखात एकच झाले असतील, आणि ते नेमके आमच्या वाडीच्या शाळेला मिळाले. तीस सालाच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीपासून दोन कोसांवर कौलारू शाळा; एक खोली, एक मास्तर. मी काही त्या शाळेतली नव्हे बरं. वडील म्हणत, "शिकून काय मामलेदार व्हायचंय हिला?" म्हणून चैत्रात मी शाळेच्या खिडकीखाली आंब्याचा पातेरा लोटायची, आणि वाळक्या पानांबरोबर आतलं जे ऐकू येईल तेही गोळा करायची. तेवढीच माझी शाळा.

मास्तरांचं सगळंच जगावेगळं. भूगोल शिकवायचा तर अंगणातल्या तांबड्या मातीत राखेनं अख्खा जिल्हा काढीत, आणि हेदवीहून आंजर्ल्याला निघालेल्या मुलीला ओरडत, "अगो, खाडी लागली, परकर वर धर!" पोरी खरंच धरीत. एकदा गावच्या खोतांचा पाय दापोलीवर पडला, तर मास्तर हात जोडून म्हणाले, "खोत, उतरा. माणसं चेंगरतील." कावळा मध्येच ओरडला तर त्यालाही दटावीत, "तुझी पाळी आल्यावर!" हसून हसून माझा पातेरा तसाच राहायचा.

पण पाढे सुरू झाले की हसू विरायचं. एकेका मुलानं एकेक ओळ म्हणायची, अशी त्यांची रीत. चौथी जागा त्यांच्या लेकीची, यमूची. यमू आदल्या दिवाळीत तापानं गेली. तरी तिचं बसकर मास्तर रोज स्वतः झटकून अंथरीत. तिसरा म्हणे, "सतरा त्रिक एक्कावन्न." मग सगळा वर्ग गप्प. मास्तर डोळे मिटून कान देत, मान हलवीत, म्हणत, "शाब्बास!" आणि मगच पाचव्यानं पुढं म्हणायचं. भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. बाहेर पान हलत नसे, आणि त्या बसकराची कड तेवढी हलायची.

तपासणीला येणाऱ्या डिपोटीसाहेबांनी मागेच बजावलं होतं, "मास्तर, पुन्हा हा प्रकार दिसला तर नोकरी जाईल." त्या चैत्रात साहेब आले आणि नेमका सतराचाच पाढा निघाला. "सतरा त्रिक एक्कावन्न." पुढं सामसूम. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चौथं कोण?"

"म्हणेल, साहेब. जरा लाजते," मास्तर म्हणाले.

मला राहवेना. खिडकीचे गज धरून मी ओरडले, "सतरा चोक अडुसष्ट!"

साहेब दचकले. मग म्हणाले, "मुलीला उन्हात कशाला उभी केलीत? आत घ्या तिला."

नोकरी राहिली. मास्तरांनी मला हाताला धरून आत नेलं, यमूच्या बसकरावर बसवलं. ते बसकर ऊनऊन होतं, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं.

साहेब गेल्यावर मी रडत म्हटलं, "मास्तर, मी लबाडी केली. ते मी म्हटलं."

माझ्या केसांतलं वाळकं पान काढत ते म्हणाले, "ऐकलं गो. छान म्हटलंत. दोघींनीही."

चार दिवस मी तिथं बसले. पाचव्या दिवशी वडिलांनी घरी नेलं, पुढचं सगळं माझं मीच शिकले. मास्तरही कधीच गेले. आता नातवंडांचे पाढे मी घेते. सतरा त्रिक झालं की थोडी थांबते. पोरं चिडवतात, "आजी, विसरलीस ना?"

विसरेन कशी? आधी तिची पाळी असते.