कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणी

उन्हाळ्यात सगळं नागपूर कूलरसमोर पाय पसरून झोपतं. मी मात्र त्याच्या बाजूनं जाताना पदर आवरून, भिंतीला चिकटून जाते. माझं माहेर भिवापूरचं. तिथं माझ्या थोरल्या भावानं एका दुपारी चालू कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतलं आणि ओतता ओतता दुसरा हात कूलरच्या टिनाला टेकवला. तो तिथंच गेला. पाणी भरताना बटण बंद करायचं, एवढं इथं प्रत्येकाला माहीत असतं, त्यालाही माहीत होतं. पण दुपारी घामाघूम झालेल्या माणसाला तेवढा धीर राहत नाही.

त्यानंतर मी विजेबद्दल भेटेल त्याला विचारत सुटले. वायरमन, मीटर बघायला येणारा, शाळेत सायन्स शिकवणारे शेजारी, कुणाला म्हणून सोडलं नाही. दोन वायरींबरोबर तिसरी एक हिरवी वायर असते, ती जमिनीत नेऊन पुरतात, आणि बिघडलेला करंट माणसाच्या अंगातून न जाता तिच्यातून जमिनीत उतरतो, एवढं मला पक्कं कळलं. कितीतरी घरांत ती वायर नसतेच, हेही कळलं. सॉकेटला भोकं दोन आणि प्लगला पिना तीन, म्हणून लोक पकडीनं तिसरी पिन मोडून टाकतात आणि काम झालं म्हणून हात झटकतात. आमच्या घरचा कूलर मी लाकडी पाटावर ठेवायला लावला होता आणि त्याच्या खोलीत चपलेशिवाय पाऊल टाकायची कुणाला सोय नव्हती. आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घरी वायरमन हाये. पगार द्या लागत नाही, फक्त बोलणे खा लागते."

धरमपेठेत भाड्याच्या घराच्या पुढच्या खोल्यांत आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. हे शॉर्टहँड शिकवायचे, मी टायपिंग. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाइपरायटरांची खडखड, इतकी की ती थांबली तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मला ती यंत्रं आवडायची त्याचं एक कारण सांगून टाकते. टाइपरायटरला वायर नसते.

ऐंशीच्या दशकाचा मध्य ओलांडला आणि ह्यांना कॉम्प्युटरनं पछाडलं. बँकेत आला, अमक्या ऑफिसात आला, अशा बातम्या रोज घरी यायला लागल्या. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "थोड्या वर्षांत ह्या टाइपरायटरले कोणी हात लावणार नाही. आपण एक मशीन घेऊ. पोरगी शिकन, मंग तीच बाकीच्याइले शिकवन."

आमची एकुलती एक मुलगी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. तिचा घास हातातच राहिला, इतका तिला आनंद झाला. मला मात्र दुसरंच दिसलं. विजेवर चालणारा एक डबा, आणि दिवसभर त्याला हात लावून बसलेली माझी पोर. मी म्हटलं, "त्याले करंट लागते ना?"

"सगळ्यालेच करंट लागते," हे म्हणाले. "तू काहून भेऊन राहिली वं? तो काही कूलर नाही."

कॉम्प्युटर घेताना लोक काय काय बघतात ते पुढं मी पुष्कळ ऐकलं. मेमरी बघतात, वेग बघतात. आमच्या घरी ह्यातलं कुणी काही बघितलं नाही, कारण कुणाला काही कळतच नव्हतं. आधी एका मोठ्या कंपनीचा एजंट आला. नागपूरच्या मार्च महिन्यात गळ्याला टाय बांधून आलेला, त्यामुळं मला त्याची दयाच आली. त्याच्या मशीनचं अंग पांढऱ्या प्लास्टिकचं होतं. प्लास्टिकमधून करंट येत नाही, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून माझा जीव त्या मशीनवर बसला. पण तो म्हणाला, खोलीला एसी पाहिजे, एसी नसेल तर गॅरंटी नाही. आमच्या वस्तीत एसी म्हणजे सिनेमा थिएटरात असायची गोष्ट होती. ह्यांनी त्याला सरबत पाजलं आणि वाटेला लावलं.

दुसरा आला तो बर्डीच्या बाजारातला दुकानदार. सुटे भाग जोडून मशीन तयार करून द्यायचा. त्याच्या मशीनचा डबा लोखंडी होता. माठ घेताना वाजवून पाहतात तसं ह्यांनी बोटांच्या पेरांनी तो डबा वाजवून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. सगळं आयुष्य लोखंडी टाइपरायटरांत काढलेला माणूस. त्यांच्या हिशेबानं प्लास्टिकच्या वस्तू म्हणजे साबणाचा डबा आणि पोरांची खेळणी.

"कूलर चलेगा?" ह्यांनी विचारलं.

"चलेगा साहब, क्यों नहीं चलेगा," दुकानदार म्हणाला. "और कुछ हुआ तो मैं बर्डी पे ही बैठा हूँ."

झालं, ठरलं. एक चांगला लोखंडी डबा, कूलरला नाही न म्हणणारा विकणारा, आणि हाकेच्या अंतरावरचं दुकान. मी मध्येच करंटचं विचारलं तेव्हा तो माझ्याकडं वळून हसला. "भाभीजी, करंट की चिंता मत करो. बस अर्थिंग बराबर होनी चाहिए." ह्यांनी मान डोलावली. मशीन पाडव्याच्या मुहूर्तावरच घरात आली पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं आणि पाडवा अगदी तोंडावर आला होता.

वायरमन येऊन मागच्या खोलीत तीन भोकांचा नवा सॉकेट बसवून गेला. मी ह्यांना विचारलं, "मागं हिरवी वायर टाकली का?"

"टाकली वं," हे म्हणाले.

पाडव्याला मशीन आली. ह्यांनी तिच्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि खोलीच्या दारावर ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं, चपला बाहेर काढाव्या. त्या काळी ज्या कुठल्या कॉम्प्युटरच्या खोलीत जावं तिथं बाहेर चपलांचा ढीग असायचा, देवळाबाहेर असावा तसा. धूळ जाऊ नये म्हणून, असं सांगायचे. मला विचाराल तर त्यात धुळीपेक्षा भक्ती जास्त होती. मी म्हटलं, आत रबरी स्लिपर ठेवू, फक्त आतच घालायच्या. ह्यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. विकणाऱ्यानं स्वतः सांगितलंय की अनवाणी जायचं, आणि तू त्याच्यापेक्षा शहाणी का, असं हे म्हणाले. मुलगीही बापाच्या बाजूनं. दोघांसमोर माझं काही चाललं नाही.

एप्रिल सरला आणि ऊन असं तापलं की खिडकीला कूलर बसवावाच लागला. बाकीच्यांना बरं वाटलं, माझी झोप उडाली. कूलरच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार आत यायचे. खिडकीखालची फरशी कायम ओलसर राहायची. तिथून हातभर अंतरावर टेबल, टेबलावर तो लोखंडी डबा, आणि समोर खुर्चीवर माझी पोर, पाय उघडे, ते त्या थंडगार फरशीवर टेकलेले. उन्हाळ्यात तिला ते बरंच वाटत असणार. वरून व्होल्टेजचा खेळ. कोराडीचा विजेचा कारखाना इतका जवळ, पण आमच्या गल्लीतला दिवा कधी डोळे दिपवायचा तर कधी नुसता तांबूस व्हायचा.

मी बाहेरच्या खोलीत शिकवत बसायची, पण लक्ष सगळं त्या बंद दाराकडे. एवढ्या टाइपरायटरांच्या खडखडीतून मला पोरीचा आवाज वेगळा ऐकू यायचा. तो ऐकू आला नाही की काही तरी निमित्त काढून उठायची. कधी पन्हं घेऊन जायची, कधी फडकं घेऊन फरशी पुसायची. पुसून वळत नाही तो पुन्हा ओली. "आई, तू दिवसभर काय पुसून राहिली?" ती वैतागून म्हणायची. काय सांगणार होते? मनात एकसारखं एकच यायचं, की हिरवी वायर आहे, हिरवी वायर आहे. त्या एका वायरीवर मी तो मे महिना काढत होते.

एका दुपारी लाइट जाऊन आली. मी सवयीनं फडकं घेतलं आणि दार ढकललं. आत मुलीजवळ क्लासला नवीन लागलेली एक विद्यार्थिनी उभी होती. दोघी हसत होत्या. माझी मुलगी तिला म्हणत होती, "हात असा उलटा ठेव ह्याच्यावर, हलकेच. आल्या का मुंग्या? आल्या म्हणजे मशीन चालू झाली."

ती नवी पोरगी लोखंडी डब्यावर हात ठेवून, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून खुदखुदत होती. "गुदगुल्या होतात," म्हणाली.

बाहेर धावत जाऊन मी घराचं मेन स्विच पाडलं, परत आत आले आणि माझ्या मुलीला वेणी धरून मागं ओढलं. इतक्या जोरात, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, काहून ओढून राहिली?" ती चिडून म्हणाली. मी त्या दुसऱ्या मुलीला घरी पाठवलं. पंखे बंद पडले होते, कूलर बंद पडला होता, बाहेर टाइपरायटर तेवढे चालू होते, त्यांना कशाचीच गरज नव्हती. मी पेचकस आणला आणि तो नवा सॉकेट उघडला. स्क्रू दोनदा निसटला. आत दोनच वायरी होत्या, लाल आणि काळी. तिसऱ्या भोकामागं काहीही नव्हतं.

हे बाहेरून आले ते घाम पुसत. उघडा सॉकेट बघितला आणि त्यांना सगळं समजलं. मुलगी दारात जाऊन उभी राहिली.

"हिरवी वायर कुठं हाये?" मी विचारलं.

"त्याच्यासाठी घरमालकाची फरशी फोडा लागत होती, आंगणात खड्डा खणा लागत होता. त्यानं नाही म्हटलं असतं. आन पाडवा परवावर होता." ते माझ्याकडं न बघता बोलत होते.

"मुंग्या कवापासून येऊन राहिल्या?"

"पयल्या दिवसापासून."

"आन मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू त्याच दिवशी मशीन वापस पाठवली असती," हे म्हणाले. "पोरगी पुन्हा टाइपरायटरवर बसली असती. तुले भेव वाटते म्हणून तिनं जलमभर तेच ठोकत बसायचं का? मीच तिले सांगितलं, आईले बोलू नको."

ते खोटं नव्हतं. मी मशीन परत पाठवलीच असती. घरातल्या दोन्ही माणसांना रोज त्या डब्याचा झटका चालत होता, पण माझी भीती चालत नव्हती, हे ऐकून मला रडूही आलं आणि संतापही आला.

"तुम्हाले काही वाटलं नाही?" मी म्हटलं.

"मले का भेव नाही वाटत?" हे एकदम म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "रोज सकाळी आधी मी जातो आत. पोरीले दाराबाहेर उभी करतो. मशीन चालू करतो, डब्याले हात लावून पाहतो. नुसत्या मुंग्या आल्या, जास्ती काही नाही, तं मंग तिले आत घेतो. इतके दिवस काय तिले तशीच बसवून राहिलो का मी?"

हा माणूस रोज आंघोळ करून, ओल्या पायांनी त्या खोलीत जात होता आणि आपला जीव पणाला लावून मशीन तपासत होता. मला त्यांची माया वाटली, आणि त्याच वेळी भीतीही वाटली.

"एखाद्या दिवशी त्या डब्यानं तुमचा हात सोडलाच नाही तं?"

"तं काय, माझं जे व्हायचं ते झालं असतं," हे म्हणाले. "ती तं बाहेर राह्यते ना. तिले काही झालं नसतं."

करंटनं धरलेल्या माणसाला हात लावला की हात लावणाराही चिकटतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. आपलं माणूस समोर तडफडताना ते कुणाला आठवत नाही.

"आन बाहेर उभी राहून ती काय करन?" मी विचारलं.

ह्यांनी मुलीकडं पाहिलं. ती अजून फुरंगटलेलीच होती, वेणी सुटलेली, डोळे लाल. एवढी साधी गोष्ट काय विचारता, अशा सुरात ती म्हणाली, "धावली असती ना मी. बाबाले धरून ओढलं असतं. दुसरं काय केलं असतं?"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते हळूच खुर्चीवर बसले आणि तिच्या उघड्या पायांकडं बघत राहिले.