शेवटच्या रांगेतला मिलिंद

"काका, बाबा सकाळी गेले," आम्रपाली फोनवर म्हणाली, आणि मला शब्द सुचण्याआधीच, "पण शनिवारचा शो होणार. बाबांनी प्रॉमिस घेतलंय." या गोष्टीला सहा आठवडे झाले. त्या दिवशी धीर मी तिला द्यायचा होता. दिला तिने मला.

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेला, कांद्या-भाज्यांच्या शेतांमधल्या लेव्हिन या छोट्या गावी माझा मित्र मिलिंद इंजिनिअर होता. त्याचे वडील आंबेडकरी जलशांत गात. लेक आणि तिचे दोन वर्गमित्र रॅप करू लागले, तेव्हा त्याने गॅरेजमधली गाडी बाहेर काढली. ती पुन्हा आत गेलीच नाही. घरी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी आम्रपाली तिथे मराठीत लिहू लागली.

त्यांना पहिला मंच मिळाला वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात. सूत्रसंचालक मी. दुसऱ्या कडव्यालाच मी माईकवरून जाहीर केले, "जेवण तयार आहे." हॉल रिकामा झाला. एकटा मिलिंद टाळीने ठेका धरून बसला होता. नंतर ताट घेऊन जवळ आला. "बरं झालं कुलकर्णी, मसालेभात गार झाला असता तर मंडळच बुडालं असतं!" मीही हसलो... घाई झाली, अशी सबब मी वर्षानुवर्षे स्वतःला देत राहिलो. खरे तर ते गाणे 'आपल्या' मंचाला शोभत नाही असे मला वाटले होते, आणि त्या 'आपल्या'त मिलिंदचे वडील बसत नव्हते.

मुले मात्र थांबली नाहीत. आठवडी बाजार, शाळांची मैदाने, मग रेडिओ, आणि अखेर वेलिंग्टनचे मोठे सभागृह. सगळी तिकिटे गेल्याचे सांगायला मिलिंदने हॉस्पिटलमधून फोन केला. तेव्हा मी ते सारे कबूल केले.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "शनिवारी ये. या वेळी पूर्ण ऐक."

शनिवारी दुपारी आम्रपालीने मला आत बोलावून घेतले. प्रत्येक शोआधी मिलिंद शेवटच्या रांगेत मंचाकडे पाठ करून उभा राही आणि ऐकू आलेली ओळ मोठ्याने म्हणून दाखवी. त्याची ओळ चुकली, म्हणजे शब्द नीट पोहोचले नाहीत, की आवाज पुन्हा जुळवायचा.

"टुडे यू डू इट, काका. आणि चीटिंग नाही हं!"

मी मंचाकडे पाठ केली. 'कांद्याच्या गावची मी, डोळ्यांत पाणी आणीन!' म्हणताना माझा आवाज फुटला.

"लाउडर, काका!" तिघेही ओरडले.

संध्याकाळी मराठीचा गंधही नसलेले अख्खे सभागृह उभे राहून तीच ओळ गर्जत होते. त्यानंतर दोन शो झाले. दोन्ही वेळी दुपारीच पोहोचून मी मागे जाऊन, पाठ करून उभा राहिलो. परवा एक शब्द नीट ऐकू आला नाही. मिलिंद करी तसा मी हात वर केला, आणि तिघांनी निमूटपणे पहिल्यापासून सुरुवात केली.