आत्याच्या स्टुडिओतला रिकामा पाइप

माझी आत्या बायकांचे उघडे फोटो काढायची. अंगावर काही नसलेले.

तिच्या तेराव्याला मी इथेच लिहिलं होतं, "आत्याने आयुष्यात एकही वावगा फोटो काढला नाही."
आज तिला जाऊन महिना झाला. ते वाक्य दुरुस्त करतेय.

ती पोस्ट वाचून एका बाईंचा फोन आला. मी त्यांना मावशी म्हणते.
"तुझ्या आत्याने माझा काढलाय. बिनकपड्यांचा. तो वावगा का गं?"
मी म्हटलं, "मला माहीतच नव्हतं हो."
"मग माहीत नसताना लिहिलंस कशाला?"

बरोबर होतं त्यांचं.

हे सगळं त्यांना विचारून लिहितेय. नाव, गाव काढून टाकलंय. कामही बदलायचं होतं, म्हणून विचारलं, काय लिहू?
"टेलर लिही. टेलरकडे साऱ्या गावाची मापं असतात, स्वतःचं सोडून."
तर मावशी टेलर आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आत्या शिरगावची, स्टुडिओ बोईसरला. कॅमेरा कसा धरायचा हे मी तिच्याकडेच शिकले. आज पालघरमध्ये लग्नांच्या ऑर्डरी घेते त्या तिच्या जिवावर.

स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर पडद्यांचे चार पाइप आहेत.
एकावर ग्रे पडदा. एकावर लाल मखमली. एकावर रंगवलेला शिरगावचा किल्ला, माडांसकट.
चौथा कायम रिकामा.

शाळेत असताना विचारलं होतं, हा का रिकामा?
"तो पावन्यांचा हाय," आत्या म्हणाली, आणि मला स्टूल पुसायला लावलं.

पाहुणे कोण, ते आता मावशींकडून कळलं.

अशा फोटोला येणारी बाई घरून स्वतःचं कापड आणायची. चादर, जुनी साडी, काहीही. ते चौथ्या पाइपवर लागायचं. फोटो झाला की कापड तिच्याबरोबर घरी परत.

पण चांगला ग्रे पडदा असताना हा खटाटोप कशाला? मला राहवेना. मी परत फोन केला.

"सुरुवात माझ्यापासूनच झाली," मावशी म्हणाल्या. "आमचे हे बोटीवर होते. त्यांना पाठवायला फोटो हवा होता. तुझ्या आत्याने किल्ल्यासमोर उभं केलं. चेहरा नाही, नुसती पाठ. फोटो घ्यायला गेले तर ही आपली कपाळाला हात लावून बसलेली."
"का?"
"म्हणाली, अगो, तोंड लपवलं आमी, पन किल्ला? त्यो तर साऱ्या तालुक्याच्या अल्बमात हाय."

खरंय. आईपप्पांचा साखरपुड्याचा फोटो त्याच किल्ल्यासमोरचा. दांडीपासून पालघरपर्यंत कुणाचंही शोकेस बघा, माझ्या आत्याचा किल्ला सापडेल. फोटो कुठे काढला ते सांगावंच लागत नाही.

आत्याने मावशींसमोर फोटो फाडला, निगेटिव्ह कापली. म्हणाली, घरचं कापड घेऊन ये.

"मी पलंगावरची चादर नेली," मावशी म्हणाल्या.
"मग?"
"मग काय. किल्ला बघून ह्यांना काय आठवणार होतं? चादर बघून सुट्टी टाकून आले."

मी फोनवर लाजले. त्या नाही लाजल्या.

मग त्यांनी खरं काम सांगितलं.

त्यांचं ऑपरेशन आहे. कशाचं ते लिहीत नाही.
"त्याआधी मला स्वतःला एकदा फोटोत अख्खं बघायचंय. ह्या वेळी माझ्यासाठी. तुझ्या आत्याने हो म्हटलं होतं, आणि ती गेली."
"मोबाइलवर..."
"मोबाइलवरचा फोटो कुठे कुठे फिरतो, सांगू तुला?"
बाकीच्या स्टुडिओंत सगळे पुरुष. त्या थेट बोलल्या : "तू काढशील का?"

मी दोन दिवस मागितले. लग्नाची गिऱ्हाइकं काय म्हणतील, घरी काय सांगू.

पप्पांना सांगून टाकलं. आत्या त्यांची मोठी बहीण.
ते म्हणाले, "ताईचा हात निराला होता. तुला जमंल का?"

याचा मी विचारच केला नव्हता.

म्हणून स्टुडिओ उघडला, शटर खाली घेतलं, आणि टायमर लावून स्वतःच्या उघड्या खांद्याचे, दंडाचे फोटो काढत बसले.

किल्ल्यासमोर खांदा सहलीला येऊन चुकल्यासारखा दिसतो.
लाल मखमलीसमोर विकायला ठेवल्यासारखा.
ग्रेसमोर नीट दिसतो, पण डॉक्टरकडे नेल्यासारखा.
मग आईची जुनी सुती साडी चौथ्या पाइपवर लावली. आधी अगदी चिकटून बसले, तर साडीच्या चुण्या दंडावरच आल्यासारख्या वाटल्या. दोन हात पुढे सरकले, साडीवर वेगळा दिवा लावला.
तेव्हा तो माझा खांदा दिसला. मी एवढा वेळ त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

फोटो डिलीट केले. कार्ड फॉरमॅट केलं. परत तपासलं.

मावशींना हो कळवलं. त्यांची एकच भीती : "तू पोस्ट टाकणार, मग सगळे शटरवर नजर ठेवणार. कोण पिशवी घेऊन आत गेली ते बघणार."
"मग पोस्ट नको टाकू?"
"टाक. पण गर्दी कर."

म्हणून मैत्रिणींनो, वहिनींनो, काकूंनो, विनंती आहे.
आत्याचा स्टुडिओ दिवसभर फक्त बायकांसाठी उघडा ठेवतेय. पासपोर्टचा, आधारचा, सासूसुनेचा, कुठलाही फोटो काढायला या. आणि येताना प्रत्येकीने पिशवीत एक चादर आणा, पासपोर्टला आलात तरी. कोण कशाला आलं, ते मी कुणाला सांगणार नाही.

हे वाचून ज्यांना माझ्याकडून लग्नाचे फोटो नको वाटतील, त्यांनी मोकळेपणी कळवा. राग नाही.

आत्या, तुला मनापासून नमस्कार.
येत्या शनिवारी, सकाळी दहाला, शटर वर करतेय.