कोंडाबाईंच्या गोष्टीचा शेवट

कोंडाबाईंचं निम्मं आयुष्य निपाणीच्या तंबाखू वखारीत गेलं. तंबाखू चाळता चाळता त्या गोष्टी सांगायच्या, भोवतालच्या बायका खोकत, हसत ऐकायच्या. आता सत्तरी उलटली, वखार सुटली. गोष्टी मात्र तोंडात तशाच होत्या.

त्यांच्या गल्लीतली पारमिता मराठी शाळेत दुसरीला शिकवते. मुलं धडा घडाघडा वाचायची, पण स्वतःच्या शब्दांत सांगा म्हटलं की गप्प. म्हणून तिनं कोंडाबाईंची एक गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि वर्गातल्या टीव्हीवर लावली.

पाखरं दाणे गोळा करतात, राखणीला कोल्हा बसवतात. कोल्हाच दाणे खातो आणि उंदराचं नाव सांगतो. पाखरं उंदराला हाकलतात, पुन्हा दाणे वेचायला लागतात. संपली गोष्ट.

टीव्हीतून "कोल्हा रानात गेलता" ऐकू आलं आणि वर्ग उसळला. "आमची आज्जी पण असंच बोलती!" सगळ्यांनाच गोष्ट सांगायची होती. सौम्या तेवढी अडून बसली. "बाई, पाखरास्नी कळलंच न्हाय व्हय?"

पारमितानं तो प्रश्न सौम्याच्याच आवाजात रेकॉर्ड केला आणि संध्याकाळी कोंडाबाईंना ऐकवला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

"कळलं की गं," त्या म्हणाल्या. "पुढं गोष्ट हाय. पाखरं चोच मिटून बसली. एक दाणा उचलला न्हाय. कोल्हा उपाशी पळाला. पण तिथवर आलं की वखारीचा मुकादम मागं येऊन हुबा ऱ्हायचा. मग निम्म्यातच संपवायची. पुढं तीच सवय लागली."

"आक्का, हे तुम्हीच वर्गात येऊन सांगा," पारमिता म्हणाली.

शुक्रवारी कोंडाबाई वर्गात आल्या. पहिल्यांदाच त्यांनी पुरी गोष्ट मोठ्यानं सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सूरज उठला. "पण आज्जी, उंदराचं काय? त्यानं तर कायच केलं नव्हतं."

कोंडाबाई म्हणाल्या, "ते मला कुणी सांगितलं न्हाय रं. मी पण कधी इचारलं न्हाय. तुमीच सांगा."

घंटा होईपर्यंत वाद चालला. कुणी म्हणालं, पाखरांनी माफी मागायची. कुणी म्हणालं, राखण उंदराला द्यायची. सौम्या म्हणाली, "तो रुसलाय. आपणहून येणार न्हाय. आणायला जायला पायजे."

पारमितानं सारं रेकॉर्ड केलं. संध्याकाळी घरी कोंडाबाईंनी तिचा मोबाईल कानाला लावून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"आणायला कोण गेलं," त्यांनी विचारलं, "ते सांगितलं का गं त्या पोरीनं?"