तीस हजार एकतीस

वॉर्डातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर पांढऱ्या रंगात ३००३१ हा आकडा लिहिला होता. अण्णा, माझे वडील, जन्मभर शाळेत गणित शिकवत आलेले. दुपारी त्या आकड्याकडे पाहत ते पुटपुटू लागले. दोनाने भागलं तर बाकी एक. तिनाने, पाचाने, साताने, अकराने, तेराने भागलं तरी बाकी एकच. तिथे ते अडले.

"पुढची मूळ संख्या कुठली?"

"सतरा, अण्णा."

"राहू दे. हिला कुणीच नाही," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी मात्र मनातल्या मनात भागत राहिले. संख्या मोठी असली की तिला भागणारी संख्या कुठेतरी फार लांब असू शकते, आणि तिथवर जायचं त्राण माणसात उरतंच असं नाही. मग आपण तिला एकटी ठरवून मोकळे होतो. बऱ्याच वेळाने एकोणसाठपाशी बाकी शून्य आली.

"अण्णा, एकोणसाठने भाग जातो. पाचशे नऊ वेळा."

त्यांनी सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं.

"छान," ते म्हणाले. "बाई, तुम्ही कुठल्या शाळेत शिकवता?"